रोग्याची हजेरी

दिवाळीच्या अंकात क्षयरोगावर लिहावे की नाही, या विचारात मी पुष्कळ दिवस घालविले. वाचकाच्या एका हातात चकली असावयाची आणि दुसऱ्या हातात हा अंक. अशा वेळी थुंकीचे आणि लघवीचे विषय काढणे पंगतीला शोभत नाही, एवढे मलाही समजते. परंतु संपादकांनी ‘इतिहासावर काहीतरी द्या’ म्हणून सांगितले, आणि मला जो थोडाफार इतिहास ठाऊक आहे त्यात गडकोट नाहीत, लढाया नाहीत. त्यात औषधाच्या गोळ्या आहेत आणि त्या मोजणारी माणसे आहेत. शिवाय त्या इतिहासाचे एक लहानसे पान आमच्या घरी, एका भाऊबीजेच्या दिवशीच उलगडले होते. तेव्हा वाचकांनी चकली खाली न ठेवता हे वाचावे, अशी विनंती आहे.

मी डॉक्टर नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. शाळेत मुले शिकवितो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. परंतु मास्तरकीत एक गोष्ट अंगवळणी पडते, ती म्हणजे हजेरीपट. वर्गात कोण बसले आहे, हे हजेरीपट सांगतो. बसलेल्यांपैकी कोण शिकतो आहे, हे तो सांगत नाही. तरी साहेब तपासणीला आले की प्रथम हजेरीपटच मागतात, कारण तो दाखविता येतो. वैद्यकाचेही नेमके असेच झाले. रोगी स्वतःच्या उपचारात किती मन घालतो, हे मोजावयाचे कसे, हा प्रश्न वैद्यांना फार जुना आहे. आणि त्याचे उत्तर म्हणून पुष्कळ काळ त्यांनी हजेरीपटच घातला.

आपल्याकडे चरकाने हा प्रश्न किती नेटका मांडला आहे पाहा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात नवव्या अध्यायात उपचाराचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण, असे एकूण सोळा. म्हणजे रोगी हा खाटेवर पडलेला लाकडाचा ओंडका नव्हे; तो उपचाराचा एक पाय आहे, आणि वैद्याप्रमाणे त्यालाही परीक्षा आहे. रोग्याचे ते चार गुण असे: स्मृती, म्हणजे आपल्याला काय झाले, कधी झाले, काय खाल्ल्याने वाढले हे ध्यानात असणे. निर्देशकारित्व, म्हणजे सांगितल्याप्रमाणे वागणे. अभीरुत्व, म्हणजे न भिणे. आणि ज्ञापकत्व, म्हणजे आपल्या दुखण्याची हकीगत वैद्याला नीट सांगता येणे. चारांपैकी आज्ञापालन हा एकच गुण आहे, एवढे वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे या एकाने बाकीच्या तिघांना कसे खाऊन टाकले, तेच मला सांगावयाचे आहे.

ग्रीक लोक अधिक संशयी. हिपॉक्रेटिसच्या नावावर मोडणाऱ्या ग्रंथांपैकी एकात तरुण वैद्याला सावध केले आहे, की रोगी औषध घेतल्याचे खोटेच सांगतात, त्यांच्यावर नजर ठेवावी. मला वाटते हा अनुभव सर्व देशांतल्या आयांना आहे. एरंडेल तोंडात धरून पोर मोरीकडे का पळते, हे सांगावयाला हिपॉक्रेटिस कशाला हवा?

परंतु नजर ठेवणे निराळे आणि मोजणे निराळे. मोजण्याची खरी गरज पडली ती विसाव्या शतकात, क्षयावर औषधे निघाल्यावर. त्यापूर्वी क्षयाला औषध म्हणजे हवा, विश्रांती आणि दूधदुभते. ज्याला परवडे तो मिरजेसारख्या ठिकाणी सॅनिटोरियममध्ये जाई. ज्याला परवडत नसे तो घरी खोके आणि मरे. (मराठी कादंबरीकारांनी या रोगावर किती नायिका मारल्या, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. माझ्या पिढीला ती सोय राहिली नाही.) १९४४ साली स्ट्रेप्टोमायसिन निघाले, पाठोपाठ पी.ए.एस. आणि १९५२ साली आयसोनियाझिड. क्षय बरा होऊ लागला. पण गोळ्या घ्यावयाच्या त्या आठवडाभर नव्हेत, वर्ष-दीड वर्ष. खोकला तर दोन महिन्यांतच थांबतो. ज्याला काही होत नाही अशा माणसाने वर्षभर रोज मूठभर कडू गोळ्या घ्यावयाच्या, आणि मध्येच सोडल्या तर रोग पुन्हा उलटतो, कधी औषधालाच जुमानीनासा होतो. रोग्याच्या वागण्यावर एवढा भार यापूर्वी क्वचितच कोणत्या औषधाने टाकला असेल.

हिंदुस्थानात त्या वेळी क्षयी लाखांनी मोजावे लागत आणि इस्पितळांत खाटा हजारांनी. या गरिबांना घरीच ठेवून बरे करता येईल काय, हे पाहण्यासाठी १९५६ साली मद्रासला चेटपेट भागात एक केंद्र निघाले. भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद, अशा चौघांनी ते चालविले, आणि वॉलेस फॉक्स नावाचे इंग्रज डॉक्टर त्याचे प्रमुख म्हणून आले. त्यांनी मद्रासच्या गरीब वस्त्यांतले १९३ रोगी घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन भाग केले. अर्धे सॅनिटोरियममध्ये, अर्धे आपापल्या झोपडीत. दोघांना औषध तेच, आयसोनियाझिड आणि पी.ए.एस. सॅनिटोरियममधल्यांना खाट, विश्रांती, चांगले अन्न, गोळी हातात देणारी परिचारिका. झोपडीतल्यांना मात्र तीच दाटी, तेच अर्धपोट जेवण, आणि बरे वाटले की तीच मजुरी.

मग प्रश्न आला, घरी हे लोक गोळ्या घेतात की नाही? फॉक्स यांनी माणसाच्या शब्दावर विसंबावयाचे नाही असे ठरविले. केंद्राची माणसे अचानक घरी जात. उरलेल्या गोळ्या मोजीत, आणि रोग्याची लघवी मागून घेत. पी.ए.एस. पोटात गेले असेल तर त्या लघवीत फेरिक क्लोराइडचे थेंब टाकताच जांभळा रंग येतो. रंग आला की हजर, नाही आला की गैरहजर. माणसाच्या सचोटीला रंग असतो, असे कोणी कादंबरीत लिहिले असते तर आम्ही हसलो असतो. मद्रासला तो काचेच्या नळीत दिसत होता.

या प्रयोगाचा निकाल १९५९ साली प्रसिद्ध झाला आणि जगाने तो डोळे विस्फारून वाचला. वर्षअखेर सॅनिटोरियममधल्या शंभरांपैकी ९२ जणांचा रोग शमला होता. झोपडीतल्या शंभरांपैकी ८६ जणांचा. घरच्या माणसांना लागण होण्याचे प्रमाणही घरी ठेवल्याने वाढले नाही, हे पुढे कळले. निरक्षर, अर्धपोटी माणूस आपल्या झोपडीत राहून, स्वतःच्या हाताने वर्षभर औषध घेऊन बरा होतो, हे त्या ८६ आकड्याने सिद्ध केले. देशोदेशीची सॅनिटोरियमे पुढे ओस पडत गेली, त्याची सुरुवात मद्रासच्या झोपड्यांत झाली. माझ्या मते आपल्या देशातल्या गरीब रोग्याला कोणी दिलेले हे पहिले छापील प्रशस्तिपत्र.

परंतु डॉक्टरमंडळींच्या मनात घोळत राहिले ते ८६ नव्हे. ते राहिले रंग न आलेल्या नळ्यांपाशी. काही रोगी गोळ्या चुकवितात, आणि कोण चुकवील हे आधी ओळखता येत नाही, याचा त्यांनी धसका घेतला. मग त्याच मद्रासला १९६० नंतर दुसरी पद्धत आजमावली गेली: रोग्याने आठवड्यातून दोनदा केंद्रावर यावे आणि आमच्या डोळ्यांदेखत औषध घ्यावे. अमेरिकेत थॉमस मोल्डिंग नावाच्या डॉक्टरांनी तर गोळ्यांच्या डबीतच फोटोची फिल्म आणि किरणोत्सर्गी द्रव्याचा कण बसविण्याची युक्ती काढली. कोणत्या दिवशी गोळी उचलली ते फिल्मवर उमटे. रोगी बिचारा डबी उघडतो आणि डबी चुगली करते! १९७६ साली कॅनडातील सॅकेट आणि हेन्स यांनी या विषयावर मोठे पुस्तकच संपादिले आणि ‘कॉम्प्लायन्स’ हा शब्द वैद्यकात रूढ केला. म्हणजे आपल्या चरकाचे निर्देशकारित्व. चार गुणांपैकी एक राहिला आणि तोच सगळा रोगी झाला.

आता आमच्या घरचे पान.

१९९२ साली मी बारा वर्षांचा होतो. कृष्णाकाठचे आमचे गाव. श्रावणात आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या थुंकीत रक्त आले आणि तालुक्याच्या दवाखान्यात क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांत रिफाम्पिसिनची लाल कॅप्सूल असे. तिने लघवी नारिंगी-तांबडी होते, घाबरू नका, असे दवाखान्यात सांगितले होते. माझी आई शाळेत गेली नव्हती, पण ते ऐकताच तिने जे काढले ते फॉक्ससाहेबांनीच काढले होते. आबा रात्री अशक्तपणामुळे अंथरुणाजवळ पांढरे एनॅमलचे भांडे घेत. सकाळी ते ओतून देण्याचे काम माझे. आई म्हणाली, “रंग बघून मला सांगत जा. तांबडी असली तर औषध पोटात गेलं म्हणायचं.” भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर मी रोज पेन्सिलीने बरोबरची खूण करू लागलो. पुढे जन्मभर हजेरी घेणार होतो. त्याचा श्रीगणेशा मी असा, बापाची हजेरी घेऊन केला.

दसऱ्याच्या सुमारास आबांचे अन्नावरचे मन उडाले. भाकरीचा वास आला तरी मळमळे. त्यांनी दवाखान्यात जाऊन सांगितले. तिथे रांग मोठी, डॉक्टरांनी कागदावरून मान वर न करता म्हटले, “गोळ्या चुकवू नका. चुकवाल तर मराल.” आबांनी पुन्हा सांगून पाहिले तेव्हा, “तुम्ही लोक असेच निमित्त काढता,” असे उत्तर आले. आबा घरी आले ते काही न बोलता. मी रोज सकाळी भांडे पाही, रंग गडद असे, मी खूण करी. आई समाधानी होती. मीही होतो.

भाऊबीजेला आत्या आली. दुपारी अंगणात पाट मांडून तिने आबांना ओवाळले आणि तबक हातात तसेच धरून ती म्हणाली, “दादा, तुझे डोळे हळदीगत का झालेत?”

आम्ही रोज पाहणाऱ्यांना दिसले नव्हते ते तिला उन्हात दिसले. आबांना काविळीने घेरले होते. त्यांनी उठून कोनाड्यातली चंची आणली आणि ती आईपुढे उपडी केली. पानाच्या चुऱ्यात लाल कॅप्सुला आणि पांढऱ्या गोळ्या पडल्या. नऊ दिवसांच्या. नऊ दिवस त्यांनी औषध घेतलेच नव्हते. “टाकल्या का नाहीत?” आईने विचारले. ते म्हणाले, “सरकारी औषध. टाकून कसं द्यायचं? परत करणार होतो.” आणि मी नऊ दिवस खुणा केल्या होत्या त्या कशाच्या? तो गडद रंग औषधाचा नव्हता, काविळीचा होता.

दुसऱ्या दिवशी बैलगाडी, मग एस.टी., आणि जिल्ह्याच्या गावी एक वयस्कर डॉक्टर. त्यांनी आबांना आधी सगळे बोलू दिले. मग सांगितले, की या औषधांनी काहींच्या यकृताला अपाय होतो; मळमळ ही त्याचीच सूचना; गोळ्या थांबविल्या ते बरे झाले, चालू ठेवल्या असत्या तर जिवावर बेतले असते. काही आठवडे सगळी औषधे बंद. मग रक्त तपासून एकेक करून पुन्हा सुरू. माझ्या दिनदर्शिकेप्रमाणे आबा आदर्श रोगी होते. डॉक्टरांच्या रांगेत ते बेशिस्त ठरले असते. दोन्ही मापे खोटी होती. मात्र वाचकांपैकी कोणी यावरून आपली औषधे मनाने सोडू नयेत. आबा सांगावयाला गेले होते, कोणी ऐकले नाही, आणि मग त्यांनी सोडली. तो क्रम महत्त्वाचा आहे.

पुढे मोठा झाल्यावर मला समजले, की हेच बंगलोरला फार पूर्वी कोणीतरी मोजून ठेवले होते. १९५९ साली तेथे राष्ट्रीय क्षयरोग संस्था निघाली. तिथल्या देबाबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन या दोघांनी तुमकूर जिल्ह्यात पाहणी केली व १९६३ साली प्रसिद्ध केली. तोवर सर्वमान्य समजूत अशी, की खेड्यातला माणूस अज्ञानी, त्याला रोगाची जाणीवच नसते, गाड्या घेऊन त्याला शोधीत हिंडावे लागते. पाहणीत निघाले भलतेच. बहुतेक क्षयींना आपल्याला काही झाले आहे हे ठाऊक होते, पुष्कळांना त्याची काळजी होती, आणि निम्म्याहून अधिक जण स्वतःच्या पायांनी सरकारी किंवा खाजगी दवाखान्यात जाऊन आले होते. तिथून ते काय घेऊन परतले? बहुतेक जण खोकल्याची बाटली! रोग्याने आपला चौथा गुण, ज्ञापकत्व, पुरेपूर पाळला होता. मोजावयाला निघाले रोग्याला आणि मापात सापडला दवाखाना. या पाहणीने सरकारी क्षयकार्यक्रमाची दिशाच पालटली. शोधपथकांऐवजी, खोकला घेऊन जो आपण होऊन येतो त्याची थुंकी आधी तपासा, असे ठरले. वॉलेस फॉक्स यांच्याइतकेच हे दोघे शाळेच्या पुस्तकात असावयास हवेत, नाहीत.

यानंतर चाळीस वर्षे गेली तेव्हा कोठे रोग्याला प्रत्यक्ष विचारण्याची बुद्धी झाली. २००४ साली अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठाच्या ज्यूडिथ हिबर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत २२ विधाने होती. पुढच्या वर्षी १३ विधानांची लहान आवृत्ती निघाली. विधान पटते की नाही आणि किती, हे रोग्याने सांगावयाचे. त्यावरून शून्य ते शंभर गुण आणि चार पायऱ्या. सर्वांत खाली तो, जो उपचार हे डॉक्टरांचे काम समजून गप्प बसतो. सर्वांत वर तो, जो अडीअडचणीतही आपला नेम टिकवितो. या मापाने लघवी मागितली नाही, गोळ्या मोजल्या नाहीत. ज्ञान आहे काय, कसब आहे काय, आणि मुख्य म्हणजे धीर आहे काय, असे विचारले. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनेही ते वापरून पाहिले. डॉक्टरांनी विचारले नाही तरी मी माझी शंका त्यांना सांगू शकतो, अशा अर्थाचेही एक विधान त्यात आहे. ते वाचून मी कागद खाली ठेवला. आबांना त्यात किती गुण मिळाले असते? सांगण्याचा धीर त्यांना दोनदा झाला. तिसऱ्यांदा होत नाही, त्यात उणे गुण कोणाच्या नावावर लिहावयाचे? चरकाचे अभीरुत्व या मापात परत आले, हे खरे. पण माणसाला भित्रा करणारे जे असते ते या कागदावर कोठेच मोजलेले नाही, एवढी माझी मास्तरी तक्रार आहे.

हजेरीपट काही गेला नाही. १९९० नंतर डोळ्यांदेखत गोळी देण्याची पद्धत ‘डॉट्स’ या नावाने जगभर पसरली आणि २००६ पर्यंत आपल्या सबंध देशात आली. पुढे मोबाईल आले. गोळी पाकिटातून फोडली की तिच्याखाली दडविलेला दूरध्वनी क्रमांक दिसावयाचा. त्यावर फुकट फोन लावला की हजेरी लागली. मोठी चतुर युक्ती. ती किती खरी, हे चेन्नई, वेल्लोर आणि मुंबई येथल्या रोग्यांवर तपासून पाहिले कोणी? मद्रासच्या त्याच चेटपेटच्या केंद्राने, जे २०११ पासून राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते. आणि तपासले कसे? सांगून विश्वास बसणार नाही: न कळविता घरी जाऊन, लघवी मागून. निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाला. फोनच्या हजेरीत गैरहजर असलेल्या पुष्कळांच्या लघवीत औषध निघाले, आणि हजर असलेल्या काहींच्या निघाले नाही. साठ वर्षांत पणतीची वीज झाली, पण मद्रासची नळी आपली जागच्या जागी.

आबा बरे झाले आणि त्यानंतर पुष्कळ वर्षे जगले. मागच्या वर्षी जुनी पेटी आवरताना १९९२ आणि १९९३ च्या दिनदर्शिका हाती आल्या. पहिलीवर माझ्या खुणा आहेत, त्या नऊ दिवसांच्या खोट्या खुणांसकट. दुसरीवर माझे अक्षर नाही. डोंगरासारख्या त्या वयस्कर डॉक्टरांनी म्हणे आबांनाच सांगितले होते, की तुम्हाला काय होते ते रोज लिहून ठेवा आणि येताना घेऊन या, मी वाचीन. आबांचे शिक्षण चौथी. तारखांच्या चौकटीत मावतील अशी बारीक अक्षरे त्यांनी काढली आहेत: ‘लाल घेतली. मळमळ नाही.’ ‘तोंड कडू.’ ‘डॉक्टरला विचारणे, दूध चालेल का.’ आणि मार्चच्या एका चौकटीत नुसते, ‘दोन भाकरी.’